गच्चीवरच्या बागेचा ग्रुप : अवांतर आणि स्पॅम आवरतानाच्या नोंदी

गच्ची, बाल्कनी आणि खिडकीत भाज्या-फुलं लावणाऱ्यांचा आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. बहुतेक मंडळी पुण्याची आणि पिंपरी-चिंचवडची, काही नाशिक-नागपूरची, थोडी दुबई आणि न्यू जर्सीची. अ‍ॅडमिन तिघं: मी, नाशिकची एक मैत्रीण आणि कोथरूडचे एक निवृत्त काका. २०२४ च्या उन्हाळ्यात ग्रुपवर इतकी गर्दी झाली की बागेचं बोलणं शोधावं लागायला लागलं. तेव्हापासूनच्या या नोंदी; पुढे काय झालं ते काही ठिकाणी नंतर जोडलंय. असा ग्रुप चालवणाऱ्या कुणाचेही चार तास यामुळे वाचले तरी पुष्कळ झालं.

९ जून २०२४, रविवार

हडपसरच्या एका ताईंनी मंगळवारी सकाळी विचारलं होतं, "दुधीला पुन्हा मादी फुलं आलीत. देठाशी बोटाएवढे दुधी दिसतायत, पण आधीचे सगळे पिवळे पडून गळले. काय करू?" उत्तर दोन ओळींचं आहे. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं. त्याच संध्याकाळी नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे सारायच्या आणि परागकण मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवायचे. हे उत्तर ग्रुपमधल्या निदान पन्नास जणांना ठाऊक आहे. ते आलं गुरुवारी. मधल्या काळात एक वाढदिवस, एक लग्नाचा वाढदिवस आणि बारावीच्या मार्कांचं अभिनंदन होऊन गेलं होतं. तोवर फुलं गळून पडली होती.

आज आम्ही तिघांनी फोनवर बसून गेल्या आठवड्याचे मेसेज वहीत वेगवेगळे मांडले. शुभेच्छा, धन्यवाद, फॉरवर्ड, जाहिराती, अनोळखी लिंका आणि खरं बागेचं बोलणं. आमचा समज होता की जाहिराती आणि लिंकाच डोकेदुखी आहेत. वहीत तो ढीग सर्वांत लहान निघाला. सर्वांत मोठा ढीग "धन्यवाद", "खूप छान", "मस्त ताई" आणि जोडलेल्या हातांचा होता. म्हणजे ग्रुप बाहेरच्यांनी भरला नव्हता. आपलीच माणसं एकमेकांशी चांगलं वागत होती, आणि त्याखाली प्रश्न दबत होते.

म्हणून मोजायचं काय ते आधी ठरवलं. किती मेसेज आले ते मोजायचं नाही. रोज रात्री एक अ‍ॅडमिन वरपर्यंत जाऊन बघेल की आजचा कुठला प्रश्न उत्तराविना राहिला. तेवढी एकच यादी ठेवायची.

१५ जून

धन्यवादापासून सुरुवात केली. मेसेजवर बोट दाबून धरलं की चिन्हं येतात, त्यातलं एक निवडलं की धन्यवाद पोचतो आणि ग्रुपमध्ये नवी ओळ पडत नाही. ही सोय २०२२ पासून आहे, पण साठीच्या पुढच्या निम्म्या मंडळींना ती माहीतच नव्हती. लिहून सांगितलं, उपयोग झाला नाही. मग मैत्रिणीने तिच्या आईच्या फोनवर बोट कसं दाबून धरायचं याचा छोटा व्हिडिओ केला. दोन दिवसांत फरक दिसला. या सगळ्या कामात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टिकाऊ ठरलेला बदल हाच.

२२ जून

नियमावली लिहिली आणि ग्रुपच्या माहितीत टाकली. लांबलचक झाली. कुणीही वाचली नाही. विचारल्यावर कळलं की बऱ्याच जणांनी ग्रुपची माहिती कधी उघडलेलीच नाही. आता तीन ओळी ठेवल्यात आणि त्या पिन केल्यात:

"प्रश्न विचारताना फोटो, ऊन किती तास आणि पाणी किती वेळा ते लिहा. उपाय स्वतः करून पाहिला असेल तरच सांगा. बाकी सगळं अ‍ॅडमिनला विचारून."

पिन जास्तीत जास्त ३० दिवस राहते, मग आपोआप निघते. कॅलेंडरमध्ये आठवण लावून ठेवा. आमची एकदा निघून गेली होती आणि नव्या आलेल्यांना कुठलाच नियम दिसत नव्हता.

३० जून

"करून पाहिलं असेल तरच" ही ओळ का लागली ते सांगते. कारण ही अडचण अवांतराची वाटत नाही, आणि तिनेच नुकसान जास्त होतं. "प्रत्येक झाडाला एप्सम सॉल्ट घाला, चमत्कार बघा" असा एक फॉरवर्ड दर पंधरा दिवसांनी येतो. विषय बागेचाच, त्यामुळे काढायला हात धजत नाही. बाणेरच्या एका दादांच्या टोमॅटोची बुडं काळी पडत होती. त्यांनी तो फॉरवर्ड वाचून एप्सम सॉल्ट घातलं. टोमॅटोचं बूड काळं पडतं ते फळाला कॅल्शियम पुरेसं न पोचल्याने, आणि बहुतेक वेळा त्यामागे कधी कोरडं, कधी तुडुंब असं अनियमित पाणी असतं. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियमचा क्षार. ते जास्त झालं की मुळं कॅल्शियम आणखी कमी घेतात. त्यांची उरलेली फळंही गेली.

तेव्हापासून "फॉरवर्डेड" असा शिक्का असलेला उपाय आम्ही काढतो, तो बरोबर असला तरी. पाठवणाऱ्याला सांगतो की तुम्ही हे केलंय का, केलं असेल तर स्वतःच्या शब्दांत आणि कुंडीच्या फोटोसह टाका. बरेचजण परत टाकत नाहीत. जे टाकतात त्यांचं वाचण्यासारखं असतं.

६ जुलै

डिलीट करण्याबद्दल. अ‍ॅडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी काढता येतो, पण तिथे "अ‍ॅडमिनने हा मेसेज काढला" अशी खूण नावासकट उरते. चारचौघात कुणी हात धरून बाजूला काढल्यासारखं होतं ते. म्हणून आधी खासगी मेसेज, मग डिलीट. आमचा मजकूर असा असतो:

"काका, नमस्कार. सकाळचा सुविचार ग्रुपमधून काढतेय, राग मानू नका. रात्री आलेले प्रश्न सकाळी वरती दिसायला हवेत म्हणून. तुमच्या कढीलिंबाचं काय झालं? नवी पालवी आली का?"

शेवटचे दोन प्रश्न विसरू नका. त्यांच्याशिवाय हा मजकूर नोटिशीसारखा वाचला जातो.

एवढं करूनही सहकारनगरच्या एका आजोबांनी ग्रुप सोडला. ते रोज पहाटे शुभ प्रभातचं चित्र टाकायचे. आमच्या कोथरूडच्या काकांनी त्यांना फोन केला, बराच वेळ बोलले. आजोबा एकटे राहतात. सकाळचं ते चित्र गेलं की मुलीला आणि जुन्या मित्रांना कळतं की ठीक आहेत. तेच चित्र ते आमच्याकडेही टाकायचे. काकांनी सुचवलं की चित्राऐवजी तुमच्या गच्चीवरचं आज काय उमललंय त्याचा फोटो टाका. आजोबा परत आले. आता रोज सव्वासहाला एक फोटो येतो: गोकर्ण, कण्हेर, कधी नुसती ओली कुंडी. नियमात एक ओळ वाढवली: शुभ प्रभात म्हणायचं तर आजच्या, स्वतःच्या झाडासह. याचा एक फायदा ध्यानात नव्हता. आजोबांच्या गच्चीवर मोगरा कधी थांबला, अनंताला कळ्या कधी धरल्या याची तारीखवार नोंद आपोआप होते आहे, आणि लोक त्यावरून आपल्या झाडांचा अंदाज घेतात.

१७ जुलै, आषाढी एकादशी

विठ्ठलाची चित्रं पहाटे चारपासून सुरू होणार हे माहीत होतं. म्हणून आदल्या रात्री ग्रुप "फक्त अ‍ॅडमिन" वर टाकला. दिवसभर शांतता. संध्याकाळी कळलं की दोघा-तिघांनी प्रश्न विचारायचा प्रयत्न केला होता. एकाच्या अ‍ॅडेनियमचा बुंधा पावसाने मऊ पडला होता. तशा वेळी झाड लगेच कुंडीतून काढून, सडलेला भाग पूर्ण कापून, कोरडं टांगून ठेवावं लागतं, आणि त्यात एक दिवसही मोठा असतो.

सणाला ग्रुप बंद करणं सोपं आहे. आमच्या मोजमापानुसार मात्र तो सर्वांत वाईट दिवस ठरला. पुन्हा नाही करणार.

२५ जुलै

आज पुण्यात पाऊस आणि खडकवासला धरणाचा विसर्ग. सिंहगड रस्त्यावर एकता नगरीत पाणी शिरलं. ग्रुपमधल्या चार-पाच घरांचा तो भाग. सकाळपासून बागेचा एक शब्द नाही. कुणाची आई पहिल्या मजल्यावर अडकलीय, कुणाकडे गाडी आहे, कुठला पूल बंद आहे, हेच.

मैत्रिणीने विचारलं, थांबवायचं का? तिघांचं लगेच एकमत झालं की नाही. एकच गोष्ट आवरली. जुन्या पुराचे व्हिडिओ आजचे म्हणून यायला लागले होते, धरण फुटल्याची अफवाही आली. ते दिसल्याबरोबर काढले, या वेळी आधी खासगी मेसेज न करता. विसर्गाचा आकडा फक्त पाटबंधारे खात्याचा आणि वेळेसकट, एवढंच राहू दिलं. रात्री पाणी उतरल्यावर काकांनी लिहिलं, "उद्या सकाळपासून कुंड्या तपासा. खालची भोकं गाळाने बंद झाली असतील तर आधी ती मोकळी करा." ग्रुप आपोआप बागेवर परत आला.

ऑगस्ट, सगळा महिना टेलिग्रामवर गेला

हा भाग सविस्तर लिहितेय, कारण बरेच अ‍ॅडमिन याच वाटेला जातात.

टेलिग्रामच्या बाजूने बरंच काही आहे. एकाच ग्रुपमध्ये विषयवार कप्पे करता येतात, ही सोय २०२२ च्या नोव्हेंबरपासून आहे. भाज्या, फुलं, कीड, खत, गप्पा असे कप्पे. स्लो मोड लावला की एका माणसाला दोन मेसेजमध्ये ठरावीक वेळ थांबावं लागतं. फोन नंबर लपतो, जे ग्रुपमधल्या बायकांना फार हवं होतं. कारण बागेच्या प्रश्नावरून नंबर घेऊन खासगीत नको ते लिहिणारे आम्ही याआधी काढले आहेत. आणि तयार बॉट (आपोआप चालणारे प्रोग्रॅम) फुकट मिळतात, जे नव्या माणसाला बटण दाबायला लावतात आणि ठरावीक शब्द आले की मेसेज उडवतात.

बॉट लावला. शेअर बाजाराच्या टिप्स देणारे येतात म्हणून "शेअर" आणि "मार्केट" हे शब्द बंद केले. पहिल्याच दिवशी "फोटो शेअर करतेय" लिहिणाऱ्या सगळ्यांचे मेसेज उडाले, आणि "मार्केट यार्डात कोकोपीटची वीट कितीला मिळते" हा कुंडीत घालायच्या काथ्याच्या भुशाचा प्रश्नही. मग सुटे शब्द काढून "शेअर मार्केट", "घरबसल्या कमाई", "रोज कमवा" असे जोडशब्द घातले. ते चाललं. पण आमचे लोक मराठी तीन तऱ्हांनी लिहितात: देवनागरीत, रोमनमध्ये, आणि रोमनमध्ये आपापल्या स्पेलिंगने. स्पॅमवालेही तसंच लिहितात. यादी वाढतच गेली. काकांच्या रोजच्या दोन तासांतला एक तास यादीवर जायला लागला.

तरी हे जमलं असतं. हुकलं ते माणसांमुळे. नवं अ‍ॅप घ्यायला तरुण मंडळी लगेच आली. ज्यांना उत्तरं येतात ती मंडळी आली नाहीत: तीस वर्षं गुलाबाला डोळे भरून कलमं करणाऱ्या आजी, शेतकी कॉलेजातून निवृत्त झालेले सर, नागपूरच्या पंचेचाळीस अंशांत पालक टिकवणाऱ्या काकू. कप्पे सुरेख, प्रश्न व्यवस्थित लागलेले, आणि उत्तर द्यायला कुणी नाही. रोज रात्रीची न सुटलेल्या प्रश्नांची यादी व्हॉट्सअ‍ॅपवरच्यापेक्षा लांब झाली. ३१ ऑगस्टला टेलिग्राम बंद करून परतलो.

तुमचे सभासद आधीच तिथे असतील तर टेलिग्राम चांगलंच आहे. अ‍ॅप निवडताना उत्तरं देणारी माणसं कुठल्या अ‍ॅपवर आहेत तेवढं बघा.

७ सप्टेंबर, गणेश चतुर्थी

टेलिग्रामवरून एक गोष्ट घेऊन आलो, ती म्हणजे गप्पांसाठी वेगळी जागा. व्हॉट्सअ‍ॅपवर कम्युनिटी केली, तिच्याखाली दोन ग्रुप ठेवले. मुख्य ग्रुप बागेचा. दुसऱ्याचं नाव "पार". शुभेच्छा, पाककृती, नातवाचा फोटो, सगळं पारावर. दोन गोष्टी पारावरही नाहीत: राजकारण आणि औषधोपचाराचे फॉरवर्ड.

आज पहिली कसोटी होती. गणपतीची चित्रं बहुतेक पारावर गेली. जी मुख्य ग्रुपवर आली त्यांना काही म्हटलं नाही, फक्त पारावर उत्तर दिलं. लोक उत्तराच्या मागे जातात, हे इथे कळलं.

पण सण आला म्हणजे सगळंच अवांतर असं नसतं. निर्माल्याचं खत कसं करायचं, हा बागेचाच प्रश्न. दूर्वा आणि फुलं बारीक करून कोरड्या पानांबरोबर थर द्यायचे, दोरा, प्लास्टिक, थर्माकोल आधी वेचून काढायचं. शाडूची मूर्ती बादलीत विरघळली की ती माती कुंडीत घालू का, हाही. घालायची, पण थोडीच आणि भरपूर खत-कोकोपीटबरोबर, कारण शाडू घट्ट बसतो आणि पाणी निचरत नाही. प्लास्टरच्या मूर्तीसाठी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने दाखवलेली अमोनियम बायकार्बोनेटची पद्धत आहे. त्यात उरणाऱ्या पाण्यात अमोनियम सल्फेट असतं, ते पाणी पातळ करून झाडांना देता येतं. यावर सरांनी एक चांगली सूचना केली की रंगवलेल्या मूर्तीचं पाणी खायच्या भाज्यांना घालू नका, शोभेच्या झाडांनाच द्या. हे सगळं मुख्य ग्रुपवर ठेवलं. बागेतल्या माणसाने आज करायची गोष्ट आहे का, एवढं विचारलं की बहुतेक वाद मिटतात.

२८ सप्टेंबर

आता खरे स्पॅमवाले. आमची जोडणीची लिंक कुणीतरी चांगल्या हेतूने एका सार्वजनिक पानावर टाकली होती. तिथून ते येत होते: घरबसल्या नोकरी, झटपट कर्ज, ट्रेडिंगच्या टोळ्या. आत आले की लगेच लिहीत नाहीत. सभासदांचे नंबर उचलतात आणि खासगीत गाठतात. ग्रुपमध्ये काहीच दिसत नाही, म्हणून आम्हाला कळायला उशीर झाला.

लिंक रीसेट केली, जुनी मेली. नव्या सभासदाला अ‍ॅडमिनची मंजुरी लागते ते सुरू केलं. कुणालाही परस्पर जोडण्याची सभासदांची मुभा काढली. मग गूगल फॉर्म केला, नाव, गाव, ऊन किती, झाडं कुठली. स्पॅम थांबला. पण खरी माणसंही थांबली. फॉर्म म्हटलं की कित्येक आज्या-काकवांना मुलाची वाट बघावी लागते. दोन आठवड्यांत फॉर्म काढला. आता मंजुरीआधी आम्ही खासगीत एकच प्रश्न विचारतो: "तुमच्याकडे सध्या काय लावलंय?" बोलून पाठवलं तरी चालतं. खऱ्या माणसाला थांबवणं कठीण होतं, इतकं तो सांगतो. स्पॅमवाला गप्प राहतो किंवा "हाय" लिहितो.

काकांनी परदेशी नंबर सरसकट नाकारायला सुरुवात केली होती, कारण व्हिएतनाम-इंडोनेशियाच्या नंबरांवरून बराच त्रास झाला. पण त्यात दुबईच्या एक ताई आणि न्यू जर्सीचं एक जोडपं अडकलं. प्रश्न विचारणं पुरेसं आहे. न्यू जर्सीकरांनी तर मेथी बर्फ पडेपर्यंत कशी ओढली तेच लिहून पाठवलं.

खर्चाचं इथेच लिहिते. मंजुरीसाठी खासगी नंबर देणं मला आणि मैत्रिणीला नको होतं, म्हणून एक जुना फोन आणि ग्रुपपुरतं एक सिम घेतलं. रिचार्ज तिघांत वाटून. पैशाचा खर्च एवढाच.

१९ ऑक्टोबर

विक्री. हा सगळ्यांत नाजूक भाग, कारण विकणारे आपलेच. कुणी घरचं गांडूळखत विकतं, कुणी जास्तीची रोपं. आधी पूर्ण बंदी केली. लोक खासगीत विकायला लागले, आणि माल खराब निघाला की तक्रार आमच्याकडे. बंदी उठवून तिसरा ग्रुप केला, "बाजार". फक्त शनिवारी उघडतो. किंमत, वजन, परिसर आणि स्वतः काढलेला फोटो हवाच. एका घराची आठवड्याला एक जाहिरात.

फोटोची अट निळ्या गुलाबामुळे आली. निळा गुलाब, काळी स्ट्रॉबेरी, सप्तरंगी गुलाब, यांच्या बियांच्या जाहिराती इंटरनेटवरचं रंगवलेलं चित्र लावून येतात. गुलाबात गडद निळा रंग नैसर्गिकरीत्या नसतोच, आणि हव्या त्या जातीचा गुलाब बीपासून नाही, डोळा भरून किंवा फांदीपासून करतात. डोळे भरणाऱ्या आजींनी बाजारात स्वतःच्या बोलीत तीन मिनिटांचं ध्वनिमुद्रण टाकलं की हे का शक्य नाही. त्यानंतर कुणीही अशी जाहिरात टाकली की सभासदच आजींचा तो आवाज पुढे करतात. आम्हाला बोलावं लागत नाही.

२३ नोव्हेंबर

विधानसभेचं मतदान २० ला झालं, आज निकाल. महिनाभर दोन्ही बाजूंची चित्रं येत होती. मैत्रीण घाबरली होती की कुणी काही भलतं टाकलं तर अ‍ॅडमिन म्हणून पोलीस आपल्याला बोलावतील. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा मार्च २०२१ चा निकाल तिला वाचून दाखवला. सभासदाने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरलेला बेत असल्याशिवाय, केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कुणाला जबाबदार धरता येत नाही, असं त्यात म्हटलंय. केरळ उच्च न्यायालयानेही फेब्रुवारी २०२२ मध्ये तशीच भूमिका घेतली. त्या काळी अ‍ॅडमिनला दुसऱ्याचा मेसेज काढता येत नव्हता, आता येतो. म्हणून निर्धास्त झालो तरी दिसलं की काढायचं, हे कायम.

राजकारणासाठी ग्रुप बंद केला नाही. आषाढीचा अनुभव होता. चित्रं टाकणाऱ्या दोघांना खासगीत एकच वाक्य लिहिलं, दोघंही वेगवेगळ्या पक्षांचे, दोघांना शब्दशः तेच. नंतर त्यांनी ते एकमेकांना दाखवलं असं कळलं, आणि दोघंही शांत झाले. समज देताना मजकूर सगळ्यांना एकच असावा.

२९ नोव्हेंबर

तुळशीचं लग्न झालं की लग्नपत्रिका सुरू होतात. काल रात्री मुख्य ग्रुपवर एक पत्रिका आली, ग्रुपमधल्या विश्वासू मावशींकडून. फाइलच्या नावाच्या शेवटी पीडीएफ नव्हतं, एपीके होतं. म्हणजे पत्रिका नाही, अ‍ॅप. अँड्रॉइडवर ते बसवलं की ते एसएमएस वाचतं, बँकेचे ओटीपी उचलतं आणि त्याच माणसाच्या नावाने पुढे पसरतं. मावशींनी काही पाठवलंच नव्हतं. त्यांच्या फोनने पाठवलं.

रात्री जागी असलेल्या मैत्रिणीने फाइल काढली आणि मावशींना ग्रुपमधून तात्पुरतं बाहेर केलं. मग लगेच त्यांना फोन लावला, कारण नुसतं काढलं असतं तर त्यांना शिक्षा वाटली असती. फोन विमान मोडवर टाकायला लावला, मुलाच्या फोनवरून बँकेला आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवलं. पैसे वाचले. ग्रुपमध्ये तिघांनी ती फाइल उघडायचा प्रयत्न केला होता, त्यांच्याशीही एकेक करून बोललो.

सकाळी सगळ्यांसाठी लिहिलं: पत्रिका, चलन, बँकेची केवायसी, काहीही असो, एपीके उघडायची नाही, ओळखीच्या माणसाने पाठवली तरी नाही. आणि व्हॉट्सअ‍ॅपमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन लावा. मावशी चार दिवसांनी परत आल्या. ग्रुपवर त्यांचं नाव घेऊन काही लिहायचं नाही असं ठरलं होतं, पण त्यांनी स्वतःच काय घडलं ते सांगितलं. आम्ही लिहिलेल्या सूचनेपेक्षा ते कितीतरी जास्त लोकांनी वाचलं.

२२ डिसेंबर

शेतकी कॉलेजातले सर गेले. बातमी मुख्य ग्रुपवरच आली आणि श्रद्धांजलीचे मेसेज सुरू झाले. पारावर पाठवायला कुणालाही सांगितलं नाही. दोन दिवस मुख्य ग्रुप त्यांचाच होता. त्यातल्या कित्येक मेसेजमध्ये सरांनी दिलेलं एखादं उत्तर होतं: कुणाला मिरचीच्या पानांच्या मुरडीसाठी फुलकिडे कसे बघायचे ते शिकवलं होतं (फुलाखाली पांढरा कागद धरून झटकायचं), कुणाला लिंबाच्या मुळाशी माती चढवू नका म्हणून. मैत्रिणीने ती सगळी एका फाइलमध्ये गोळा केली आहे.

याच महिन्यात तिघंही थकलो. रात्रीची यादी रोज एकाच्याच गळ्यात पडत होती. आता सभासदांपैकी सहा जण आठवड्यातून एकेक रात्र घेतात, रविवार आमचा. त्यांना डिलीट करायचा अधिकार दिलेला नाही, त्यांनी मागितलाही नाही. काम एकच: उत्तर न मिळालेला प्रश्न उचलायचा आणि ज्याला ते येतं त्याचं नाव घालून पुन्हा विचारायचा. अवांतर आवरण्याचं निम्मं काम यानेच होतं आहे. प्रश्नाला लगेच उत्तर मिळालं की त्याच्याखाली बोलणं बागेचंच चालतं. तो पडून राहिला की रिकाम्या जागेत बाकीचं येतं.

१२ जानेवारी २०२५

महिनाअखेरीला पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन. तिथून दरवर्षी नवे सभासद येतात. यंदा क्यूआर कोड छापून न्यायचा आहे. छापलेला कागद कुणाच्या तरी फोनमध्ये वर्षानुवर्षं राहतो आणि फिरत राहतो. म्हणून प्रदर्शनासाठी लिंक रीसेट करून नवी काढायची आणि प्रदर्शन संपल्याच्या रात्री ती पुन्हा रीसेट करायची. मंजुरीचा फोन त्या दिवसांत काकांकडे. प्रश्न तोच ठेवायचा: सध्या काय लावलंय? "अजून काहीच नाही, आज पहिलं रोप घेतलं" हेही उत्तर धरायचं. त्यांना आधी पारावर न पाठवता थेट मुख्य ग्रुपवर घ्यायचं, आणि पहिल्या आठवड्यात त्यांचा कुठलाही प्रश्न उत्तराविना राहून रात्रीच्या यादीत जाऊ द्यायचा नाही.